काळ्या पाषाणातलं गवत

मी बीडचा. आमच्याकडे विहीर खोदताना माती संपली की मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. हा थिजलेल्या लाव्हारसाचा दगड. त्याच्या थरांमध्ये कधीकाळचं जीवन दडलं असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. ज्यांच्या मनात ते आलं, त्या स्टीफन हिस्लॉप यांची ही गोष्ट.

हिस्लॉप १८१७ साली स्कॉटलंडमध्ये जन्मले आणि १८४५ मध्ये नागपूरला आले. काम धर्मप्रसाराचं आणि शाळा चालवण्याचं. पण पायपीट करताना नजर दगडांवर असे. नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना आणि सहकारी रॉबर्ट हंटर यांना लाव्ह्याच्या दगडात गाळाचा एक थर सापडला. त्यात गोगलगायींचे शंख होते, फळं होती, पानं होती. म्हणजे एक उद्रेक थांबल्यावर दुसरा होईपर्यंत इथं तळी साचली होती, झाडं वाढली होती. मांगलीला मिळालेली बेडकाच्या दूरच्या भाऊबंदाची कवटी त्यांनी लंडनला पाठवली. ‘डायनासोर’ हा शब्द घडवणाऱ्या रिचर्ड ओवेन यांनी त्या प्राण्याचं बारसं केलं.

वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला हिस्लॉपना प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं मिळाली. पुढे त्याच गावच्या शिवारातली डायनासोरची दगड झालेली विष्ठा शास्त्रज्ञांनी तपासली. त्यात चक्क गवताचे सूक्ष्म कण निघाले! गवत डायनासोरनंतरचं, ही समजूत २००५ मध्ये मोडली. त्यातलं काही गवत तर भाताच्या नात्यातलं होतं. आमची ज्वारी, तिचा कडबा आणि आमची माणसं दरवर्षी तोडायला जातात तो ऊस, हे सगळं त्याच गवताच्या कुळातलं.

हिस्लॉप यांचा शेवट मात्र चटका लावणारा. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. वय अवघं ४५. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजने १८८३ पासून त्यांचं नाव जपलं आहे.

आज डोंगर पोखरून खडी केली जाते. क्रशरमध्ये गेलेला दगड पुन्हा वाचता येत नाही. म्हणून एवढंच सांगणं: विहीर खोदताना शंखाचा, पानाचा, हाडाचा ठसा असलेला दगड निघाला, तर जागा लक्षात ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या किंवा भूशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा. पिसदुऱ्याचे दगडही कुणीतरी आधी नुसते वाकून उचललेच होते.