वाईन म्हणजे नेमकं काय? बाटलीवरचं नाव कसं वाचायचं?
गोंदियात ‘वाईन शॉप’च्या पाटीखाली व्हिस्की, रम, बिअर सगळंच मिळतं. पण वाईन म्हणजे द्राक्षांचा आंबवलेला रस. काळ्या द्राक्षांच्या सालीसकट आंबवला की रेड, साल थोडाच वेळ ठेवली की रोझे, साल काढून आंबवला की व्हाईट. बुडबुडे असतील तर स्पार्कलिंग.

नाव द्राक्षावरून पडतं (शिराझ, शेनिन ब्लाँ) किंवा प्रदेशावरून (शॅम्पेन, बोर्दो). आपल्या ‘नाशिक व्हॅली वाईन’लाही भौगोलिक मानांकन आहे.

मोहाची दारू मात्र वाईन नव्हे. मोहफुलं आंबवून ती भट्टीवर गाळतात, त्यामुळे अल्कोहोल वाढतं. वाईनमध्ये ते साधारण १२ ते १४ टक्के, भारतीय व्हिस्कीत बहुधा ४२.८. म्हणून पाटी नको, बाटलीवरचा टक्का वाचा.