मॅट्रिकच्या इंग्रजीची पुस्तके : गिरगाव ते दादर

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. हीच पुढे घरोघरी गाजलेली मॅट्रिक. पहिल्याच परीक्षेत उतरलेले महादेव गोविंद रानडे १८६२ साली विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत होते. इंग्रजी गेले की मॅट्रिक गेली, आणि मॅट्रिक गेली की सरकारी कचेरीतली कारकुनीही अवघड. इंग्रजीच्या पुस्तकांना मुंबईत गिऱ्हाईक मिळाले ते या धास्तीतून.

सुरुवातीला शाळांत शिक्षण खात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी वाचनपुस्तके होती आणि नंतर विलायतेतून आलेली रॉयल रीडर्स. त्यांतले धडे परक्या मुलखातले होते आणि मराठीत समजावून सांगणारे त्यांत काही नव्हते. विल्सन हायस्कूल, आर्यन एज्युकेशन सोसायटी अशा शाळांमुळे गिरगाव विद्यार्थ्यांचे ठाणे झाले. कोकणातून येऊन नातलगांच्या बिऱ्हाडी राहणाऱ्या मुलाला घरी इंग्रजी विचारायला कोणी नसे. त्याला शिक्षकाची जागा घेणारे पुस्तक हवे होते.

ती गरज ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’ने भागवली. तिची रचना साधी आणि पक्की आहे. आधी नियम मराठीत, मग शब्द अर्थांसह, मग इंग्रजी वाक्ये मराठीत आणायची आणि शेवटी मराठी वाक्ये इंग्रजीत न्यायची. पुढच्या पाठात मागचे शब्द पुन्हा येतात, त्यामुळे उजळणी आपोआप होते. भाषांतर हा मॅट्रिकच्या प्रश्नपत्रिकेचा ठरलेला भाग असल्याने हा सराव थेट गुणांत उतरे. पण पाठमालेचे खरे मोल वेगळे आहे. मराठी येते एवढ्याच भांडवलावर तिने इंग्रजीचे दार उघडले.

वरच्या वर्गांत रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. पर्सिव्हल रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. ‘बो जेस्ट’ या कादंबरीने त्यांना पुढे जगभर नाव मिळाले. त्यांचे व्याकरण मात्र इंग्रजीतूनच इंग्रजी शिकवी, आणि मराठी शाळेतल्या मुलाला ते जडच जाई.

परळ-लालबागची गोष्ट निराळी. तिथे दिवसा गिरणीत पाळी करणारा तरुण रात्री शाळेत बसे. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. अभ्यासाला वेळ थोडा आणि पैसाही बेताचा, म्हणून कोणाची तरी वापरलेली पुस्तके आणि हाताने उतरवून घेतलेल्या नोट्स यांवरच भिस्त असे.

स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली आणि मॅट्रिकची एसएससी झाली. मराठी शाळांत इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण आल्यावर, पूर्वी जे सहा-सात वर्षांत शिकायचे ते तीन-चार वर्षांत उरकावे लागले. गाइडांचे पेव फुटले त्यात या घाईचा वाटा मोठा. १९५९ साली सुरू झालेल्या नवनीत प्रकाशनाचे कार्यालय दादरला भवानीशंकर रोडवर आहे. त्यांचे गाइड आणि ‘अपेक्षित’ प्रश्नसंच छबिलदास गल्लीतल्या आयडियलसारख्या दुकानांतून विद्यार्थ्यांच्या दप्तरात गेले. निबंध, पत्र, उताऱ्यावरचे प्रश्न, सगळे उत्तरांसह तयार. रात्रशाळेतल्या कामगाराला त्याचा आधार झाला हे खरे. पण वाक्य स्वतः जुळवण्याची पाठमालेने लावलेली सवय त्यात मोडली, हेही तितकेच खरे.

२००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आले. परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी आता टोफेल आणि १९८९ मध्ये सुरू झालेल्या आयईएल्टीएसची पुस्तके दादरच्या दुकानांत मिळतात. त्या परीक्षांत ऐकणे आणि बोलणेही तपासले जाते, त्यामुळे पाठ केलेली उत्तरे तिथे फारशी उपयोगी पडत नाहीत. तर्खडकरांची पाठमाला आजही छापली जाते, आणि ज्याला घरी इंग्रजी नाही त्याच्यासाठी तिच्याइतके विश्वासू पुस्तक मराठीत दुसरे झालेले नाही.