धूम्रपान सोडणे

धूम्रपान सोडणे म्हणजे विडी, सिगारेट, चिलीम किंवा हुक्का यांद्वारे होणारे तंबाखूचे सेवन कायमचे थांबवणे. तंबाखूतील निकोटीन हे द्रव्य व्यसन लावणारे असल्याने अनेक वर्षे धूम्रपान केलेल्या व्यक्तीला हे सहसा एका प्रयत्नात साधत नाही. महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक पदर आहे. येथे धुरापेक्षा चघळण्याच्या व दातांना लावण्याच्या तंबाखूचा वापर कितीतरी अधिक आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करत होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. त्यामुळे विडी सोडलेला माणूस मळलेल्या तंबाखूकडे किंवा मिश्रीकडे वळला, तर त्याचे व्यसन सुटले असे म्हणता येत नाही. त्याने फक्त रूप बदललेले असते.

व्यसनाचे स्वरूप

धुरातील निकोटीन फुप्फुसांतून रक्तात मिसळून १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते व तेथे डोपामिन या रसायनाचा स्राव वाढवते. रक्तातील निकोटीनचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते, म्हणून तलफ दिवसातून अनेकदा येते. टेंभुर्णीच्या पानात वळलेली विडी सिगारेटपेक्षा लहान असली तरी सौम्य नसते. तिचे पान सहज जळत नसल्याने ती विझू नये म्हणून ओढणाऱ्याला वारंवार झुरके घ्यावे लागतात. तंबाखूत चुना मळण्यामागेही रसायनशास्त्र आहे. चुन्याच्या अल्कधर्मी गुणामुळे निकोटीन मोकळे होते आणि तोंडाच्या अस्तरातून लवकर शोषले जाते.

तंबाखू बंद केल्यावर चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड, उदासी, वाढलेली भूक आणि बद्धकोष्ठता ही लक्षणे दिसतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती सर्वाधिक तीव्र असतात व दोन ते चार आठवड्यांत बहुतांशी ओसरतात. सवयीशी जोडलेली तलफ मात्र दीर्घकाळ टिकते. चहाबरोबर, जेवणानंतर किंवा सकाळी शौचाला जाण्यापूर्वी तंबाखू लागतेच, अशी अनेकांची समजूत असते. यांतील शेवटची समजूत मोडणे विशेष अवघड जाते, कारण सुरुवातीच्या दिवसांतील बद्धकोष्ठतेने ती खरी ठरल्यासारखी वाटते.

कोल्हापूर परिसर

कोल्हापूरच्या दक्षिणेस, पुणे-बंगळूर महामार्गावरील निपाणी ही विडीच्या तंबाखूची मोठी बाजारपेठ आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हे मराठीभाषक गाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. तंबाखूला रास्त भाव मिळावा यासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तेथे शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून धरला. पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. तेथील वखारींत राबणाऱ्या तंबाखू कामगार स्त्रियांच्या स्थितीवर अनिल अवचट यांनी लेखन केले आहे. ज्या भागात तंबाखू हे पीक, मजुरी आणि व्यापार आहे, तेथे ती सोडण्याचा सल्ला केवळ आरोग्याचा राहत नाही.

शिवाजी पेठेसारख्या कोल्हापूरच्या जुन्या पेठांत तालीम ही केवळ व्यायामाची जागा नसून त्या भागाचे सामाजिक केंद्र असते. कुस्तीच्या शिस्तीत मल्लाने व्यसनापासून दूर राहणे अपेक्षित आहे. तथापि पेठेतील कट्टा, चहाची गाडी आणि पानपट्टी याच ठिकाणी पुढे केलेली विडी किंवा मळलेली चिमूट हा स्नेहाचा भाग मानला जातो. व्यसन सोडू पाहणाऱ्याला अशा वेळी तंबाखूबरोबरच ही देवघेवही नाकारावी लागते. तोच मित्रमेळा निर्धाराचा साक्षीदार झाला, तर त्याचा आधारही मोठा असतो. या भागात विकला जाणारा मावा हा तंबाखू, चुना व सुपारी यांचे मिश्रण असतो. सुपारी स्वतंत्रपणे कर्करोगकारक असल्याने केवळ तंबाखू सोडून सुपारी चालू ठेवणे पुरेसे नसते.

सोडण्याच्या पद्धती

मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण तीन ते पाच जणच सहा महिने ते वर्षभरानंतर तंबाखूमुक्त राहिलेले आढळतात. याचा दोष इच्छाशक्तीला देण्याची प्रथा आहे. ती अन्यायकारक आहे. समुपदेशन आणि औषध एकत्र वापरल्यास यशाची शक्यता लक्षणीय वाढते. निकोटीनचा च्युइंग गम किंवा त्वचेवर लावायची पट्टी धुराशिवाय निकोटीन पुरवते व त्याची मात्रा हळूहळू कमी करता येते. हा गम नेहमीच्या गमप्रमाणे सतत चघळायचा नसतो. चव तिखट लागताच तो गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवतात. चहा-कॉफीने तोंडातील आम्लता वाढून शोषण घटते, म्हणून गम घेण्यापूर्वी सुमारे १५ मिनिटे ती टाळावीत. व्हरेनिक्लिन व ब्युप्रोपिऑन या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायच्या असतात. धूरविरहित तंबाखू सोडण्यासाठी गमच्या उपयोगाचा पुरावा तुलनेने कमकुवत असून समुपदेशनाचा अधिक भक्कम आहे. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे.

धूम्रपान सोडल्यावर शरीरातील कॅफिनचे विघटन मंदावते. त्यामुळे पूर्वीइतकाच चहा-कॉफी घेणाऱ्यास बेचैनी वाढल्याचे जाणवते आणि ती तंबाखूची तलफ समजली जाते. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते.

लाभ

ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या अभ्यासात (२००४) वयाच्या ६०, ५०, ४० आणि ३० व्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यांचे आयुर्मान, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत, अनुक्रमे सुमारे ३, ६, ९ आणि १० वर्षांनी वाढल्याचे दिसले. ‘आता सोडून काय उपयोग’ हा ज्येष्ठांचा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही.

कायदे आणि सेवा

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणारे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू झाले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर व सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. सुटी सिगारेट ही सोडलेल्या माणसाला ‘फक्त एक’ ओढण्याची सर्वांत सोपी वाट असते, शिवाय पाकिटावरील इशारा तिच्यासोबत येत नाही. मात्र पानटपऱ्यांवर ती आजही मिळते.

अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. गडचिरोली जिल्ह्यात दारू व तंबाखू कमी करण्यासाठी २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला, डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था त्यात सहभागी आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे चालवली जातात. याशिवाय २०१६ पासून १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनीद्वारे समुपदेशन मिळते. हाच क्रमांक २०१८ पासून तंबाखूजन्य पदार्थांच्या पाकिटांवर छापला जातो.