लाल सोने, निळे सोने

गर्भधारणेची चाचणी असो किंवा २०२० नंतर घरोघरी पोचलेली करोनाची झटपट चाचणी, पट्टीवर उमटणारी तांबडी रेघ पुष्कळदा सोन्याची असते. हे वर्गात सांगितले तर मुले विचारतील, सोने पिवळे नव्हे का?

१८५७ साली मायकेल फॅरेडे यांनी गोल्ड क्लोराइडच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया घडवली आणि माणकासारखा लाल द्रव मिळवला. त्यात सोने विरघळलेले नसून अतिसूक्ष्म धातुकणांच्या रूपात विखुरलेले आहे, हे त्यांनी ओळखले. त्यात मीठ घातले की द्रव निळा होई. कारण आज आपल्याला ठाऊक आहे. कणांवरील ऋणभारामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. मिठातील आयनांमुळे हा दुरावा संपतो, कण जवळ येतात, त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांची सामूहिक आंदोलने बदलतात आणि शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाचा रंगही बदलतो.

फॅरेडे यांना नॅनोविज्ञानाचे जनक म्हणण्याची प्रथा आम्हांला थोडी घाईची वाटते. या रंगबदलाला मोजमापाचे साधन केले ते ऑस्ट्रियन रसायनज्ञ झिग्मोंडी यांनी, १९०१ साली. त्यांना आढळले, की दहा मिलिलिटर सुवर्णद्रवात ०.०१ मिलिग्रॅम जिलेटिन असले तरी मीठ निष्प्रभ ठरते. जिलेटिन हे प्रथिन कणांना वेढून बसते. म्हणजे रंग टिकला की पालटला, एवढ्यावरून प्रथिनाची हजेरी कळू लागली! १९१२ साली कार्ल लांगे यांनी मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची हीच परीक्षा दहा नळ्यांत घेतली. मेंदूपर्यंत पोचलेला उपदंश ओळखण्यासाठी डॉक्टर कित्येक दशके तिच्यावर विसंबून होते. पण ही परीक्षा ढोबळ होती. नेमके कोणते प्रथिन, हे सोन्याला सांगता येत नव्हते.

ते सांगण्यासाठी सोन्याला वाटाड्या हवा होता. १९७१ साली फॉक आणि टेलर यांनी साल्मोनेला जिवाणूविरुद्धचे प्रतिपिंड सुवर्णकणांवर बसवले. प्रतिपिंड आपले लक्ष्य गाठी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या जागी सोन्याचे काळे ठिपके दिसत. चाचणीपट्टीवरची रेघ याच कुळातली. रेघेत सोन्याचे कण दाटीने अडकतात, पण एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, म्हणून ती लालच राहते.

डीएनएसाठी १९९६ साल उजाडले. अमेरिकेत मर्किन, लेटसिंगर आणि सहकाऱ्यांनी १३ नॅनोमीटरच्या कणांचे दोन गट घेतले आणि प्रत्येक गटाला गंधकाच्या अणूने डीएनएचे वेगवेगळे तुकडे जोडले. दोहोंना पूरक असा तिसरा डीएनए मिसळला, की कण जाळ्यात गुंफले जात आणि रंग पालटे. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले, की अक्षरक्रमातील एका अक्षराची चूकही यातून पकडता येते. सदोष जोडी थोड्या कमी तापमानालाच सुटते, आणि ती सुटताच द्रव पुन्हा लाल होतो. मिठाने निळ्या झालेल्या फॅरेडे यांच्या द्रवाला अशी परतीची वाट नव्हती.