माल्टाचे तट आणि माल्टाची बोली

सिसिलीच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्राच्या ऐन मध्यावर माल्टा हे बेट वसले आहे. त्याचे क्षेत्रफळ २५० चौरस किलोमीटरही भरत नाही. एवढ्याशा भूमीला आठ दिवस पुरतील, हा प्रवाशाचा हिशेब खोटा नाही. मात्र सहल आखताना अंतरांपेक्षा काळाचा क्रम ध्यानी धरला, तर तीच सहल इतिहासाचा पाठ होते. उन्हाळ्यात तेथील चुनखडीचा दगड तापतो आणि सावली दुर्मिळ होते. म्हणून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हे महिने सोयीचे.

पहिला दिवस दक्षिण किनाऱ्यावरील हाजर इम व म्नाय्द्रा या पाषाणमंदिरांना द्यावा. ती गीझाच्या पिरॅमिडांहूनही प्राचीन आहेत. हाल साफ्लिएनी येथील भूमिगत दफनस्थान पाहावयाचे असल्यास तिकीट पुष्कळ आधी काढावे. आतील भिंतींवरचे रंग जपण्यासाठी तेथे दररोज मोजक्याच लोकांना प्रवेश मिळतो.

त्यानंतर म्डीना ही जुनी तटबंद राजधानी. बेट अरबांनी इ. स. ८७० मध्ये जिंकले. अरबीत ‘मदीना’ म्हणजे शहर, तेच हे नाव. १०९१ मध्ये नॉर्मन आले आणि पुढे अरबांची सत्ता गेली, पण बोली राहिली.

तिसरा टप्पा बिर्गू आणि व्हॅलेटा. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० मध्ये हे बेट संत योहानाच्या संघातील सरदारांना दिले. १५६५ च्या मे महिन्यात तुर्कांच्या आरमाराने वेढा घातला. सेंट एल्मोचा किल्ला सुमारे महिनाभर झुंजून २३ जूनला पडला; पण बिर्गू पडले नाही, आणि सप्टेंबरात वेढा उठला. दुसऱ्याच वर्षी नव्या नगराची पायाभरणी झाली व संघाचा प्रमुख ला व्हॅलेट याचे नाव त्यास मिळाले. तेथील संत योहानाच्या मंदिरात काराव्हाज्जोने १६०८ मध्ये चितारलेले योहानाच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र अवश्य पाहावे.

येथे प्रवाशाने क्षणभर थांबावे. सरदार होते काही शेकडा. तटावर दगड वाहणारे आणि लढणारे हजारो लोक त्या बेटाचेच शेतकरी व कोळी होते. नगराला त्यांचे नाव मिळाले नाही. आणि नवल असे की, हे निष्ठावंत ख्रिस्ती लोक देवाला ‘अल्ला’च म्हणत. तटाच्या दोन्ही बाजूंनी परमेश्वराला घातलेली हाक एकाच शब्दाची होती!

पुढे १७९८ मध्ये नेपोलियनने सरदारांना घालविले. १८०० मध्ये इंग्रज आले. १८७८ साली त्यांनी मुंबईहून सुमारे सात हजार हिंदी सैनिक याच बंदरात आणून ठेवले होते. दरबारात, न्यायालयात दीर्घकाळ इटालियनचा मान होता. घरातल्या बोलीला राजभाषेचा दर्जा मिळण्यास १९३४ साल उजाडावे लागले. स्वातंत्र्य आले १९६४ मध्ये.

म्हणून अखेरचा दिवस कोणत्याही किल्ल्यासाठी राखू नये. एखाद्या खेड्यातील प्रार्थनामंदिरात मागच्या बाकावर बसावे. रोमन लिपीत लिहिलेली, अरबी कुळातली ती भाषा कानी पडेल. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला ती आजही ‘रन्दान’ म्हणते. तट सरदारांनी बांधविले, ते पाहण्यास जग येते. भाषा मात्र निनावी माणसांनी राखली. ती ऐकल्यावाचून माल्टा पाहिला असे म्हणता येणार नाही.