सशांचे बेट आणि काचेची पडवी

आपल्याकडे पडवी वर्षभर वापरात असते. फार तर पावसाळ्यात झडप येऊ नये म्हणून तिला तट्टे बांधतात. अमेरिकेच्या उत्तर भागात मात्र ‘तीन ऋतूंचा पोर्च’ नावाचा एक प्रकार आढळतो. घराला जोडलेली, छप्पर असलेली ही जागा वसंत, उन्हाळा आणि पानगळीच्या दिवसांत वापरायची आणि हिवाळ्यात बंद ठेवायची. घर गरम ठेवणारी यंत्रणा येथपर्यंत आणलेली नसते. बाजूंना डास अडवणारी बारीक जाळी आणि थंडी वाढली की लावायच्या काचा. तोंड शक्यतो दक्षिणेकडे, कारण त्या अक्षांशांवर सूर्य नेहमी दक्षिणेकडे कललेला असतो. सामान दमटपणा सोसणारे, वेताचे किंवा लाकडाचे. अशा पोर्चचे पूर्वज अनेक आहेत. त्यांपैकी एकाचा संबंध क्षयरोगाशी आहे.

एडवर्ड ट्रुडो हे न्यूयॉर्कचे डॉक्टर. त्यांचा भाऊ क्षयाने गेला आणि 1873 मध्ये त्यांनाही तोच रोग जडल्याचे कळले. मरणाची वाट पाहत ते अॅडिराँडॅक डोंगरांत गेले आणि तेथे त्यांची प्रकृती सुधारली. पुढे सॅरानॅक लेक या गावी त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. दरम्यान 1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. रोग जंतूंमुळे होतो, तर मग हवापालटाने माणूस बरा का व्हावा?

या प्रश्नासाठी ट्रुडोंनी पंधरा ससे घेतले. पाच सशांना क्षयाचे जंतू टोचून अंधाऱ्या, कोंदट जागी अपुऱ्या अन्नावर ठेवले. पाचांना जंतू न टोचता तशाच हालाखीत ठेवले. उरलेल्या पाचांना जंतू टोचून एका लहान बेटावर मोकळे सोडले. पहिल्या गटातले चार ससे तीन महिन्यांत मेले. दुसऱ्या गटातले खंगले, पण त्यांना क्षय झाला नाही. बेटावरचा एक मेला, चार तगले.

मग सॅरानॅक लेकमध्ये घरोघरी काचेच्या पडव्या उभ्या राहिल्या. खाट ढकलत बाहेर नेता यावी म्हणून दारे रुंद केली. पाठ मागे-पुढे करता येणाऱ्या, रुंद हातांच्या आरामखुर्च्या आल्या. रोगी तासन्‌तास तेथे पडून राहत, कडक हिवाळ्यातही, ब्लँकेटे आणि फरचे कपडे गुंडाळून! म्हणजे या पडव्या चारही ऋतूंच्या होत्या.

आता सशांकडे पुन्हा पाहू. हा प्रयोग आम्हाला वर्गात चर्चेसाठी फार मोलाचा वाटतो. दुसरा गट ठेवण्यात ट्रुडोंची हुशारी दिसते: नुसत्या हालअपेष्टांनी क्षय होत नाही, हे त्यातून कळले. पण बेटावरच्या सशांना मोकळी हवा, ऊन, हालचाल आणि पोटभर चारा हे सगळे एकदम मिळाले होते. त्यांपैकी कशाने ते वाचले? आणि पाच-पाच सशांवरून किती बोलता येईल? पडवी बांधणाऱ्यांनी यातली हवा तेवढी उचलली. (बंद काच उन्हातले जंतुनाशक अतिनील किरणही बरेचसे अडवते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.) ट्रुडो स्वतः 1915 मध्ये क्षयानेच वारले.

नेमके उत्तर मिळाले ते भारतात. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागोमाग आणखी औषधे आली होती. मद्रासला 1956 मध्ये सुरू झालेल्या केंद्राने रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांना तीच औषधे वर्षभर दिली. एक गट आरोग्यधामात, दुसरा दाटीवाटीच्या गरीब घरांत. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्हीकडे बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच होते. घरी राहिलेल्यांचा आहार आणि विश्रांती कमी असूनही!

तोवर, 1954 मध्येच, ट्रुडोंचे आरोग्यधाम बंद झाले होते. गावातल्या अनेक घरांना त्या काचेच्या पडव्या अजून आहेत.