गनकॉटनची झळाळी: ड्युको आणि रेक्झीन यांची कुळकथा

१/
फर्निचर रंगवणारा कारागीर ‘ड्युको मारायचा का?’ असे विचारतो आणि रिक्षाच्या सीटच्या कापडाला आपण सर्रास ‘रेक्झीन’ म्हणतो. ही दोन्ही मुळात व्यापारी नावे. दोन्ही मोटारीच्या जगाशी जोडलेली, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ: तोफांच्या दारूत वापरला जाणारा नायट्रोसेल्युलोज. जुन्या मोटारीची काया कशी पुसावी, आतली बैठक कशाने पुसू नये, याचे नियम या एका पदार्थाच्या स्वभावातून आले आहेत. आजचा धागा त्याविषयी.

२/
आधी घोडागाडीचा काळ. सुरुवातीच्या मोटारींना रंग लावत ते बग्ग्या बनवणारेच कारागीर. जवसाचे तेल आणि कोपलसारख्या राळेचे वार्निश, एकावर एक अनेक थर, प्रत्येक थर वाळल्यावर प्युमिस दगडाच्या भुकटीने घासणे. एक गाडी पूर्ण व्हायला कित्येक आठवडे लागत. असे वार्निश फार नाजूक असे. म्हणून बग्गीच्या निगेचे नियमही कडक होते: चिखल वाळू देऊ नये, गाडी सावलीत, भरपूर थंड पाण्याने धुवावी, चाकांचा स्पंज वरच्या भागाला लावू नये, शेवटी शॅमॉय चामड्याने पाणी टिपून घ्यावे. गाडीखाना तबेल्यापासून वेगळा ठेवावा, कारण घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया वार्निश खाऊन टाकतो. घोडे गेले, अमोनियाची भीती गेली. बाकीचे सगळे नियम आजही जसेच्या तसे लागू आहेत.

३/
हेन्री फोर्डला आठवडे परवडणारे नव्हते. म्हणून १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळाली. डांबरासारख्या नैसर्गिक अस्फाल्टपासून केलेला हा काळा रंग स्वस्त, टिकाऊ आणि लवकर वाळणारा होता. फोर्डच्या हट्टी स्वभावाच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. मला मात्र रसायनशास्त्राचे कारण अधिक पटते.

४/
आता नायट्रोसेल्युलोज. १८४६ मध्ये बाझेल येथे ख्रिस्तियान शोनबाइन याने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून गनकॉटन तयार केला. नायट्रोजनचे प्रमाण जास्त असेल तर तो स्फोटक, आणि कमी असेल तर तोच पदार्थ द्रावणात विरघळून पारदर्शक पापुद्रा देतो. या सौम्य रूपापासून सेल्युलॉइड आले, सिनेमाची फिल्म आली. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर उतरला तीही याच घराण्यातली. नायट्रेट फिल्मचा इतका ठेवा जळून वा कुजून का गेला, याचे उत्तरही इथेच आहे.

५/
पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या ड्युपाँ कंपनीने दोस्त राष्ट्रांना धूरविरहित दारू पुरवून अमाप नफा मिळवला. युद्ध संपले आणि एवढ्या नायट्रोसेल्युलोजचे करायचे काय, हा प्रश्न उभा राहिला. १९२० च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील पार्लिन येथील कारखान्यात, सोडियम ॲसिटेट मिसळलेले फिल्मचे द्रावण उष्म्यात काही काळ पडून राहिले आणि अनपेक्षितपणे पातळ झाले. योगायोग लहान, परिणाम मोठा. आधीची द्रावणे इतकी घट्ट असत की फवारण्याजोगी पातळ केली तर रंगद्रव्य नावापुरते उरे. आता एकाच थरात भरपूर रंग मावू लागला. १९२३ मध्ये त्याला ‘ड्युको’ नाव मिळाले, आणि १९२४ च्या ओकलंड मोटारी निळ्या ड्युकोत बाजारात आल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले. १९२६ च्या मॉडेलपासून फोर्डलाही पुन्हा रंगांकडे वळावे लागले.

६/
पण या रंगाचा एक स्वभाव होता. तेलाचे वार्निश हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते. लॅकर तसे ‘पिकत’ नाही. त्यातला द्रावक उडून जातो आणि पापुद्रा मागे राहतो. द्रावक पुन्हा लागला की तो पुन्हा विरघळतो. नेलपॉलिश आणि रिमूव्हर यांचेही हेच नाते आहे, कारण पारंपरिक नेलपॉलिशही नायट्रोसेल्युलोजचेच. म्हणून ड्युको असलेल्या जुन्या गाडीवरचा डांबराचा डाग थिनरने काढणे म्हणजे डागाबरोबर रंगही पुसणे.

७/
दुसरा शत्रू ऊन. अतिनील किरणांनी लॅकरचा पृष्ठभाग खडूसारखा भुरकट होतो. यातून मेण आणि पॉलिशचा मोठा व्यवसाय उभा राहिला. शिकागोच्या ‘सिमोनाइझ’ची ख्याती एवढी की त्या नावाचे इंग्रजीत क्रियापद झाले. या मेणांचा राजा कार्नोबा, ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवृक्षाच्या पानांवरचे मेण. पाने वाळवून, झोडपून ते गोळा करतात. मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६४ अंशांवर वितळते, तर कार्नोबा ८२ ते ८६ अंशांवर. भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर हा फरक निर्णायक ठरतो. मेण तयार करणारे एच. एफ. जॉन्सन या झाडाच्या शोधात १९३५ मध्ये स्वतःच्या विमानाने अमेरिकेहून ब्राझीलला गेले होते.

८/
मेण आणि घासण्याचे पॉलिश यांत मात्र गल्लत नको. मेण वरून थर देते. पॉलिशमध्ये बारीक खर असते. ते भुरकट थर खरवडून खालचा ताजा रंग उघडा करते. फडक्याला गाडीचा रंग लागतो, तो याचाच पुरावा. प्रत्येक झळाळीची किंमत रंगाच्या जाडीतून वसूल होते. आधी कडा आणि उठावाच्या रेषा विरतात, आतले अस्तर डोकावू लागते. हौशी मालकाने दर महिन्याला चमकवलेली गाडी चाळीस वर्षांत जेवढी झिजते, तेवढी छपराखाली विसरलेली गाडी झिजत नाही.

९/
आता आत बसू. श्रीमंतांच्या जुन्या मोटारींत चालकाच्या उघड्या बैठकीला चामडे आणि मागे मालकाला उंची लोकरी कापड असे, कारण पाऊस-धूळ चालकाच्या वाट्याला. चामड्याची प्रतिष्ठा नंतरची! स्वस्त पर्याय म्हणून सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन, वर चामड्याची नक्षी उठवत. अमेरिकेत त्याचे नाव ‘फॅब्रिकॉइड’. ती कंपनी ड्युपाँने १९१० मध्ये विकत घेतली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावी होत असे ते ‘रेक्झीन’. लेप लवचीक राहावा म्हणून त्यात एरंडेल मिसळत.

१०/
वर्षानुवर्षांत लेपाचा मऊपणा जातो, तो कडक होऊन तडकतो, आणि नायट्रोसेल्युलोज कुजताना सुटणारी आम्ले खालचे कापड पोखरतात. म्हणून असली जुनी बैठक ॲसिटोन किंवा स्पिरिटने पुसू नये, पाण्याने भिजवू नये. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने टिपावी, लगेच कोरडी करावी आणि हवा खेळती ठेवावी. आजचे ‘रेक्झीन’ बहुधा पीव्हीसीचे असते. नाव उरले, पदार्थ बदलला.

११/
बाहेरचा रंग आणि आतले कापड, दोन्हींत एकच कंपनी. ही गोष्ट अखेर न्यायालयात पोहोचली. युद्धातल्या नफ्यातून ड्युपाँने १९१७ ते १९१९ दरम्यान जनरल मोटर्सचे सुमारे २३ टक्के समभाग घेतले होते. अमेरिकी सरकारने १९४९ मध्ये दावा लावला. १९४७ साली जनरल मोटर्सच्या रंगांच्या गरजेपैकी ६८ टक्के आणि कापडापैकी ३८.५ टक्के पुरवठा ड्युपाँचा होता. ३ जून १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही मालकी मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवली. औद्योगिक इतिहासाच्या पुस्तकांत हा खटला कायद्याच्या प्रकरणात असतो आणि ड्युको रसायनाच्या. दोन्ही एकत्र वाचायला हवेत.

१२/
तोवर ड्युकोचेही दिवस भरत आले होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकरकडे वळली. मूळ ड्युको अंगावर असलेल्या गाड्या आज मोजक्याच उरल्या आहेत. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१३ च्या ट्युरिन सनदेने जतन आणि पुनर्निर्मिती यांत फरक करून जतनाला अग्रक्रम दिला. आपल्याकडे मात्र संस्थानिकांची गाडी सापडली की आधी ती खरवडून नव्याने रंगवण्याची घाई होते, आणि नव्वद वर्षांपूर्वीचा कारागिराचा हात कचऱ्यात जातो. तुमच्या आजोळी एखादी जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल तर घासू नका. आधी मऊ ब्रशने धूळ झाडा, बॉनेटच्या आतल्या, उन्हापासून वाचलेल्या भागाचा रंग पाहा आणि त्याचे छायाचित्र काढून ठेवा.